पंचहौदाहून केडगावला

पुण्यातल्या देवांची नावे परगावच्या पाहुण्याला सांगू लागले की तो आधी हसतो आणि मग आपली थट्टा तर चाललेली नाही ना, म्हणून आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा! देवालासुद्धा टोपणनाव दिल्याशिवाय पुणेकराला चैन पडत नाही. यात अनादर मुळीच नाही. टोपणनाव आपण घरच्या माणसालाच देतो, परक्याला देत नाही.

हा मान पुणेकरांनी एका ख्रिस्ती देवालयालाही दिला आहे. गुरुवार पेठेत, जिचे जुने नाव वेताळ पेठ, १८८५ साली बांधलेले एक भव्य चर्च आहे. त्याचे खरे नाव ‘चर्च ऑफ द होली नेम’, म्हणजे पवित्र नामाचे देवालय. पण रिक्षावाल्याला हे पवित्र नाम सांगून पाहा. तो मान हलवील आणि पुढे निघून जाईल. ‘पंचहौद’ म्हणा, की मीटर पडलाच! तिथे पूर्वी पाण्याचे पाच हौद होते, एवढ्यावरून हे नाव पडले आणि टिकले. हौदांची गरज नळांनी संपवली, नाव मात्र मनोऱ्यासारखे उभे आहे.

पंचहौद म्हटले की शिकलेल्या मराठी माणसाला चहा आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, नामदार गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. या सगळ्यामागे आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव. पुढे यादी छापून आली, ग्रामण्य झाले, प्रायश्चित्ते झाली. एका कप चहावरून पुणे कित्येक महिने उकळत राहिले! गोष्ट मोठी मौजेची आहे आणि आम्ही मास्तर मंडळी ती वर्गात रंगवून सांगतो. पण ज्यांनी चहा दिला ते कौली फादर आणि त्यांच्या भोवतीची देशी ख्रिस्ती मंडळी त्या आवारात रोज काय करीत, काय मागत, कशाच्या आधाराने जगत, हे आपण सहसा विचारीत नाही. चहा प्यायला की नाही, एवढ्यावरच आपली चौकशी संपते.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिथल्या मराठी उपासनेला जाऊन बसले. ख्रिस्ती मराठी वाङ्मय शिकवायचे तर ते जिथे गायले जाते तिथे ऐकावे, एवढाच माझा हेतू. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली पदे सुरू झाली आणि मला अगदी घरी आल्यासारखे वाटले. रेव्हरंड टिळकांची रचना, ओळखीचे छंद, ओळखीची चाल. भजनाला बसावे तशी मंडळी डोलत होती. मग सारे उभे राहिले आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना एका सुरात म्हणू लागले. तीत रोजची भाकर मागितली आहे, अपराधांची क्षमा मागितली आहे. पण या दोन्ही मागण्यांच्या आधी एक तिसरीच मागणी आहे. देवाच्या मनात असेल ते होवो, ही. मला नवल वाटले ते या क्रमाचे. भूक लागलेला माणूस आधी भाकर मागेल. इथे भाकरीच्या आधी आपली इच्छा बाजूला काढून ठेवायला सांगितले आहे.

उपासना संपल्यावर ओट्यावर एका वृद्ध बाईंशी बोलणे झाले. त्या निवृत्त परिचारिका. आसपासचे सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. मागच्या गल्लीतच त्यांची दोन खोल्यांची जागा. “चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही,” त्या म्हणाल्या, आणि मला हसू आले. पंचहौदाचा चहा! पण आता त्याला प्रायश्चित्त नाही.

खोलीत भिंतीवर क्रूस, शेजारी यजमानांचा फोटो, आणि खाली जुन्या पद्धतीचा लोखंडी पलंग. त्या पलंगाकडे माझी नजर गेलेली पाहून सिस्टर म्हणाल्या, “अकरा वर्षं होते त्याच्यावर. पक्षाघात. एक अंग गेलं, वाचाही गेली.”

मी म्हणायचे ते म्हटले. “देवाची इच्छा, दुसरं काय!”

सिस्टरनी कप खाली ठेवला. “बाई, तसं नका म्हणू. म्हणजे, मी म्हणीन. तुम्ही नका म्हणू.”

मी गप्प राहिले. त्याच पुढे बोलू लागल्या. “अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली, तर पाठीला जखमा होतात. आता त्या जखमा काही देवाच्या इच्छेनं होत नाहीत, आपल्या आळसानं होतात. अकरा वर्षांत आमच्या ह्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. रात्री गजर लावून उठत होते मी. आजार माझ्या हातचा नव्हता, तो मी प्रभूच्या हवाली केला. पण कूस बदलणं माझ्या हातचं होतं, ते त्याच्यावर कसं ढकलू?”

“आणि राग नाही आला कधी?”

“आला तर! पहिली दोन वर्षं भांडले मी देवाशी. पाळकसाहेब म्हणाले, भांडा, ऐकणारा आहे म्हणूनच भांडता ना? बागेत प्रभूसुद्धा आधी मागत होताच की, हा प्याला टळू दे म्हणून. मागून झाल्यावर मग त्यानं बापाच्या मनावर सोडलं. आम्ही काय त्याच्याहून शहाणे आहोत, न मागताच सोडायला?”

गेथशेमाने बागेतली ती रात्र मी पुस्तकात अनेकदा वाचली होती. पण तिच्यात दोन पायऱ्या आहेत, आधी मागणे आणि मग सोडणे, हे इतके स्वच्छ मला कोणी सांगितले नव्हते. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारणारा माणूस शरण गेलेला नसतो, तो नुसता थकलेला असतो.

आपल्याकडे हे शब्द काही नवे नाहीत. माझ्या आईच्या तोंडी ‘हरीच्छा’ हा शब्द दिवसातून दहादा असे. कामवाली आली नाही, हरीच्छा. भाऊ परीक्षेत नापास झाला, हरीच्छा. मुसलमान शेजारी ‘इन्शाअल्ला’ म्हणत, जुन्या इंग्रजी पत्रांत ‘डी. व्ही.’ ही दोन अक्षरे असत, त्यांचाही अर्थ तोच. उद्याचा बेत सांगताना ‘प्रभूची इच्छा असल्यास’ असे म्हणावे, हे नव्या करारात याकोबाच्या पत्राने सुचवले आहे आणि मराठी ख्रिस्ती घरांत तसे म्हणतातही. शब्द सगळ्यांकडे आहे. तो हात झटकताना उच्चारायचा की बाह्या सरसावताना, एवढाच प्रश्न उरतो.

नारायण वामन टिळकांना हा प्रश्न पडला असेलच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानीत. आणि ते खरेही वाटते. देहू-आळंदीच्या पालख्या ज्या रस्त्यांनी पुण्यात येतात, त्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला विठ्ठलापायी सर्वस्व टाकणे ही कल्पना परकी नसते. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगारही सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले.

पण टिळक शरण गेले, तेव्हा त्यांच्या पत्नीचे काय झाले? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून ठेवली नसती, तर ही बाजू आपल्याला कळलीच नसती. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि तिचा संसार एका दिवसात मोडला. जवळजवळ पाच वर्षे ती त्यांच्यापासून दूर राहिली. मग ती परत आली ती धर्म बदलून नव्हे. आधी आपले सोवळे-ओवळे घेऊनच ती त्यांच्याकडे राहायला आली. जातिभेद माणसाने केला की देवाने, याचा तिने स्वतःच्या डोक्याने विचार केला, तो तिच्या मनातून गळून पडला आणि मग १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या इच्छेला मान तुकवणे आणि देवाच्या इच्छेला शरण जाणे, या दोन गोष्टींत तिने गल्लत होऊ दिली नाही. त्या काळच्या बाईला हे किती अवघड होते! नवरा हाच देव, असे शिकवलेल्या पिढीतली ती. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, त्याचा मोठा भाग पुढे तिनेच रचला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने!

निघताना सिस्टर म्हणाल्या, “केडगावला जाऊन या एकदा. तिथं गेल्याशिवाय हे कळायचं नाही.”

म्हणून नवरात्रात एका सकाळी दौंडकडे जाणारी गाडी पकडली. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी. शहर सुटता सुटत नाही. यवत गेल्यावर मात्र ऊस दिसू लागतो, आभाळ मोठे होते. पुण्याहून पन्नास-साठ किलोमीटरवर केडगाव. आज सगळे हिरवे दिसते, पण सव्वाशे वर्षांपूर्वी हा माळ कोरडा होता. पंडिता रमाबाईंनी इथे जमीन घेतली, तेव्हा पाणी विहिरी खणून काढावे लागले.

रमाबाईंचा आणि देवावरच्या भरवशाचा संबंध लहानपणापासूनचा, आणि तो भयंकर आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, मुलीला संस्कृत शिकवणारे. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. जे होते ते दानधर्मात, व्रतांत गेले. देव पाहून घेईल, ही श्रद्धा. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. पदरात एक लहान मुलगी, मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला ख्रिस्ती झाल्या.

ख्रिस्ती झाल्या म्हणजे मुकाट झाल्या, असे कोणाला वाटेल. छे! त्यांना दीक्षा देणाऱ्या जोगिणींचा या शिष्येने घाम काढला. तिने इंग्लंडात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, तेव्हा हा निर्णय माझा मी करीन, असा तिचा पवित्रा होता. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान काढली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, हे तिने पत्रांतून स्पष्ट कळवले. शरण जायचे ते देवाला, मधल्या माणसांना नाही.

शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले, पुढच्या वर्षी पुण्यात आले. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये वादळ उठले, पुष्कळ मुली घरच्यांनी काढून नेल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून रस्त्यावर पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा त्या केडगावच्या माळावर आल्या. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते, ती मुदतही याच सुमारास संपली. खात्रीचे उत्पन्न नाही आणि खाणारी तोंडे वाढत चाललेली. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनात दीड हजारांवर बायका-मुली होत्या.

रमाबाईंनी इंग्लंडातल्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले होते. त्याने ब्रिस्टलला हजारो अनाथ मुले सांभाळली ती कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर. रमाबाईंनीही तीच वाट धरली. पण दुष्काळात आईबाप गमावलेल्या या बाईने प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या, शेती केली, गुरे पाळली, माग लावले, तेलाचा घाणा लावला, छापखाना काढला आणि तो बायकांकडून चालवला. आंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलचे शिक्षण सुरू केले. वडिलांचा भरवसा आणि मुलीचा भरवसा यांत काय फरक होता, तो केडगावच्या विहिरीत डोकावले म्हणजे दिसतो.

आणखी एक गोष्ट. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात व छावणीत बायकांची जी दशा झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती, आणि लिहिणारीही ख्रिस्ती! सरकारने पत्र चुकीचे ठरवले, पण बाईंनी लिहायचे ते लिहिले. रोग ही देवाची इच्छा असेल किंवा नसेल, इस्पितळातला गैरकारभार ही माणसाची करणी आहे आणि तिच्यापुढे मान तुकवायची नसते, हा विवेक त्यांच्यापाशी होता. सिस्टरच्या पाठीच्या जखमांचा न्याय तोच.

केडगावचे चर्च प्रचंड आहे. हजारोंनी बसावे असे. मी गेले त्या वेळी ते रिकामे होते, एक बाई केर काढत होती. मुक्ती मिशन आजही निराधार बायका-मुलांना आसरा देते आणि आवारात कामाची ये-जा चालू असते. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणण्यात घालवली. काम चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये, मनोरमा गेली. वय चाळीस. संस्था जिच्या हाती द्यायची, तीच. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी भाषांतर थांबवले नाही. ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

या ठिकाणी उभे राहून ‘देवाची इच्छा’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. सिस्टरनी मला का अडवले, ते तिथे उमगले. हे शब्द ज्याचे दुःख त्याने उच्चारावे, दुसऱ्याने त्याच्यासाठी उच्चारू नयेत. विधवेचे केस उतरवताना गावाने हेच म्हटले होते, देवाची इच्छा. दुष्काळात मेलेल्यांकडे पाहून दुकानदार हेच म्हणाला असेल. सासरी मार खाणाऱ्या मुलीला माहेरचे आजही हेच ऐकवतात, आणि त्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सारखेच. रमाबाईंनी आपल्या दुःखाबद्दल हे शब्द वापरले. दुसरीच्या दुःखाबद्दल मात्र बैलगाड्या जुंपल्या, धान्य भरले, विहीर खणली.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता. भांडी घासताना आणि प्रार्थना करताना आपले मन सारखेच देवापाशी असते, असे तो सांगे. गोव्याच्या फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापले, तेव्हापासून हा विचार आपल्या भाषेत नांदतो आहे. पण शरणागतीचा खरा ग्रंथ, मला वाटते, स्वयंपाकघरात आणि आजाऱ्याच्या उशाशीच लिहिला जातो. तो छापत नाहीत.

केडगावहून आल्यावर मी सिस्टरकडे गेले. त्या करंज्यांसाठी खोबरे किसत होत्या. नाताळला अजून अवकाश होता, पण शेजारच्या हिंदू घरातली दिवाळी त्यांच्या हातच्या करंज्यांवाचून होत नाही. नाताळला त्याच घरातून चकल्या येतात. मी केडगावची हकिकत सांगितली. त्यांनी ऐकली, मग म्हणाल्या, “अकरा वर्षांनी हे गेले, त्या रात्रीही गजर वाजला. दोन वाजता. मी उठले, पलंगापाशी गेले, आणि मग लक्षात आलं.”

“मग?”

“मग काय? गजर बंद केला. म्हटलं, प्रभू, आता तू सांभाळ.” आणि खिसणीवरचे खोबरे झटकून त्या म्हणाल्या, “बाई, तेवढी वेलची द्या इकडे.”

दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती मंडळी आपल्या मृतांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. कधीकधी तो दिवस आपल्या दिवाळीच्या जवळ येतो. यंदा सिस्टरबरोबर दफनभूमीत जायचे ठरवले आहे. पणती न्यावी की मेणबत्ती, असे मी विचारले. “जी वाऱ्यात टिकेल ती आणा,” त्या म्हणाल्या. “आणि काड्यांची पेटी भरलेली असू दे.”